डाव्या हाताची कात्री

चिठ्ठी लिहायला मिस्त्रींना पाऊण तास लागला. उजवा हात मांडीवर मुका पडलेला, आणि डाव्या हाताने जन्मात कधी पेन धरलेलं नाही. कागद सरकू नये म्हणून त्यांनी त्यावर हातोडी ठेवली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबली आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर कोरायला घेतलं. बायको ओट्याशी उभी राहून बघत होती. "मी लिहून देते की," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. हल्ली ते चिडले की चेहऱ्याची डावी बाजू तेवढी चिडायची आणि उजवी बाजू तशीच शांत राहायची, आणि ते तिला बघवत नसे.

चिठ्ठीची चौपदरी घडी करून त्यांनी तिच्यापुढे धरली.

"दुकानदाराला दे. त्याच्याच हातात."

"पण आणायचं काय, ते तरी सांगा."

"कात्री. कुठली ते त्यात आहे." अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द तोंडातच रेंगाळत. "तुला नाही कळायचं."

हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिला आता टोचतही नसे. तिने चिठ्ठी पाकिटात टाकली, त्यांची सकाळची गोळी आणि पाण्याचा पेला हाताशी ठेवला, मागच्या खोलीचं दार नुसतं लोटून ठेवलं आणि बाहेर पडली. रात्रीची झोप अशी चार महिन्यांत झालीच नव्हती. त्यांना कूस बदलून द्यायला दोनदा उठावं लागे. बसथांब्यापर्यंतचा रस्ता तिने अर्धवट झोपेतच तुडवला.

मिस्त्री म्हणजे पत्र्याचे मिस्त्री. घराच्या मागे पत्र्याच्याच छपराची एक लांबट खोली, तोच त्यांचा कारखाना. तेलाची नरसाळी, झारे, धान्य पाखडायची सुपं, धुरांड्यावरच्या टोप्या, मापं, ट्रे, असं जे काही पत्र्याचं करता येतं ते तिथे होई. काम दोघं मिळून करत. ती पत्र्यावर टोच्याने आखणी करायची, कडा मुडपायची, सांध्यांना कथील वितळवून डाग द्यायची. तिने डाग दिलेला सांधा गळला असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. दुसरीकडे केलेली भांडीसुद्धा लोक तिच्याकडे डाग द्यायला आणत. मिस्त्री कापत. आता कोणी बोटं मोजायला बसलाच असता तर त्याला दिसलं असतं की चार कामांतली तीन बाईची आणि एक मिस्त्रींचं. पण बोटं मोजायला कोणी बसलं नाही, आणि दारावरची पाटी मिस्त्रींच्या नावाची होती.

ती मात्र कधी कापत नसे. त्याला एक कारण होतं, आणि ते कारण मागच्या खोलीत दाराच्या वर, उंच खिळ्याला टांगलेलं होतं.

लग्नाला महिना झाला असेल. मिस्त्री जेवायला घरात गेलेले असताना तिने हौसेने एक पट्टी आखली आणि त्यांची कात्री उचलून कापायला घेतली. ती डावखुरी. शाळेत बोटांवर पट्ट्या खाऊन लिहायला आणि जेवायला उजवा हात शिकली होती, पण झाडू, विळी, हातोडी आली की डावा हात आपला आपण पुढे यायचा. त्या दिवशीही तो आला. आणि कात्री काही चालेना. वरचं पातं बरोबर रेघेवर येऊन बसे, त्यामुळे आपण कुठे कापतोय तेच दिसेना. जोर लावला की पाती एकमेकींपासून फाकत आणि पत्रा कापला जाण्याऐवजी मध्येच दुमडून अडके. तो ओढून काढायचा, पुन्हा घालायचा. अंगठ्याखाली फोड आला, पण पट्टी तिने शेवटपर्यंत नेली. मिस्त्री हात पुसत आले, पट्टीची ती करवतीसारखी कड बघितली आणि हसले. नंतर त्यांनी पट्टीला एक भोक पाडलं, स्टुलावर चढले आणि ती खिळ्याला अडकवून टाकली.

तेव्हापासून ती तिथेच. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री मान वर करून दाखवत, "ती बघा, आमच्या बाईची कापणी. उंदरांनाही लाजवलं हिने." गिऱ्हाईक हसे. तीही हसे. सुरुवातीला खोटं हसली, मग सवयीने, आणि मग तिला खरोखरच वाटू लागलं की आपला हातच तसा, कापणं हे आपल्या हाताला नाहीच. मिस्त्री कापायला बसले की तिने समोरून पत्रा धरायचा. "धर नीट. हलवू नको," हे त्यांचं ठरलेलं. सव्वीस वर्षं तिने पत्रा धरला आणि हलवला नाही.

चार महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना मिस्त्रींच्या हातातून ब्रश पडला आणि पाठोपाठ ते पडले. जीव वाचला, पायही काठीवर आला. उजवा हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. पुढच्या खेपेलाही म्हणाले, बघू. नंतर नंतर तेही म्हणेनासे झाले.

तेवढ्या दिवसांत तिने गळकी भांडी डागून कारखान्याचं दार उघडं ठेवलं. डागायला कापावं लागत नाही. पण नुसत्या डागावर किती दिवस काढणार? मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करी. "आई, बंद करा ते. इकडे या. आमची गॅलरी बंद करून घेऊ, बाबांची खाट मावेल." मुलगी मनापासून बोलत होती, यात शंका नाही. पण गॅलरीत मावायचं हा विचार आला की बाई फोनवर विषय बदले. मिस्त्रींचं काय झालं असतं ते तर सांगायलाच नको. मागच्या खोलीत नुसतं बसायला मिळतं म्हणून तो माणूस सकाळी दाढी करून घेत होता.

अशात पावाच्या भट्टीवाला आला. त्याला चाळीस ट्रे हवे होते, काळ्या पत्र्याचे. त्याचे जुने ट्रे मिस्त्रींच्याच हातचे, अकरा वर्षं चाललेले. "महिनाअखेरीपर्यंत द्या. नाही जमलं तर सांगा, राग नाही. मग मी तयार आणीन, आणि पुढेही तेच आणत जाईन," तो म्हणाला. माणूस सरळ होता. नरसाळं असतं तर कापणी वाकडी झाली तरी तिने डागाने झाकून घेतली असती. ट्रेला ते चालत नाही. भट्टीत डाग वितळतो. ट्रेचे कोपरे नुसत्या घडीवर बसतात, आणि घडी बसायची तर खाचा रेघेवर कापलेल्या हव्यात, केसभरही इकडेतिकडे नाही. चाळीस ट्रे म्हणजे एकशेसाठ कोपरे. ते झाले तर कारखाना राहणार होता, नाही तर गॅलरी होतीच.

मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणि पेन मागितलं.

हत्यारांचं दुकान अरुंद आणि खोल होतं. आत शिरलं की तेलाचा आणि खोक्यांचा वास, भिंतीवर पाने, करवती, कानशी ओळीने. गल्ल्यावर दुकानदार बसलेला, तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर. मिस्त्रींची खरेदी नेहमी इथली, पण ती स्वतः आत कधी आली नव्हती. ती बाहेर पिशव्या धरून उभी राहायची. दुकानदाराने आधी मिस्त्रींची विचारपूस केली, मान हलवत ऐकलं आणि मग चिठ्ठी उघडली. उजेडाकडे धरली. उलटी केली. सुलटी केली.

"डॉक्टरांनी लिहिलीय का ही?"

"त्यांनीच लिहिलीय. डाव्या हाताने."

दुकानदार ओशाळला. चष्मा नाकावर घेऊन त्याने एकेक अक्षर बोटाने लावत वाचलं. "पत्र्याची कात्री. सरळ. दहा इंची. डाव्या हाताची." मग म्हणाला, "अच्छा. बरोबर आहे. आता डावाच हात उरला ना त्यांचा. थांबा हं, वर असेल एखादी."

तो शिडी लावून वर चढला. ती खाली उभी राहून विचार करत होती की हा माणूस काय बोलला. डाव्या हाताची कात्री. म्हणजे कात्रीला हात असतो की काय? कात्री ती कात्री. तिने घरातली कात्री डोळ्यांसमोर आणली आणि मनातल्या मनात ती फिरवून बघितली. कुठून कशी फिरवावी ते कळेना.

दुकानदार धुळीने माखलेलं एक खोकं घेऊन उतरला. आत मेणकागदात गुंडाळलेली कात्री होती. फडक्याने पुसून त्याने ती फळीवर ठेवली. "एकच आहे. वर्ष वर्ष कोणी विचारत नाही हो हिला."

"हे नवीन निघालंय का?"

"कसलं नवीन. माझे वडील गल्ल्यावर होते तेव्हापासून ठेवतो आम्ही. डावखुऱ्यांनी काय करायचं मग? साधी कात्री डाव्या हातात धरली तर रेघ दिसत नाही आणि पाती फाकतात. पत्रा मध्येच चेमटतो. हिची पाती उलट बसवलेली असतात, एवढंच."

फळीची कड तिने धरून ठेवली.

"आणि मिस्त्रींना काय, ठाऊकच आहे ही," दुकानदार बोलतच होता. बोलायची सवय असलेला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. "मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. वडील जेवायला गेले होते, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते हे. डाव्या हाताची आहे का म्हणाले. मी शिडीवर चढलो, शोधून काढली, कागद सोडला, पुसून दिली. हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. घरातल्या माणसासाठी बघतोय म्हणाले. आणि मग ठेवून दिली. नको, म्हणाले, तिला नाही जमायचं. पहिलंच गिऱ्हाईक हातचं गेलं ना, म्हणून लक्षात राहिलं माझ्या."

"कधीची गोष्ट?"

"पंचवीस वर्षं तर झाली. जास्तच. त्यांचं नवीन लग्न झालं होतं बघा तेव्हा." आणि इतकं बोलून झाल्यावर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा डावा हात फळीवरच्या कात्रीवर होता.

त्याने मग जास्त काही विचारलं नाही. फळीखालून पत्र्याचा एक तुकडा काढला, त्यावर टोच्याने रेघ मारली आणि तिच्यापुढे सरकवला. "बघा तर चालवून. घ्यायच्या आधी चालवून बघावीच."

तिने कात्री डाव्या हातात घेतली. पातं पत्र्यावर टेकवलं आणि तिला रेघ दिसली. अख्खी रेघ, पुढे कुठवर जाते तिथवर. तिने मूठ दाबली. पत्रा कर्रर्र करून निमूट कापला गेला आणि कापलेली कड हळूच खाली वळत बाजूला झाली. तिने पुन्हा दाबलं. कुठे अडलं नाही. रेघ संपली तेव्हा तुकडा फळीवर पडला. दुकानदाराने तो उचलून डोळ्यासमोर आडवा धरला.

"हात बसलाय तुमचा चांगला. किती वर्षं कापताय?"

"आज पहिल्यांदाच," ती म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली आणि तो हसला. तिने बसायला मागितलं. त्याने गल्ल्यामागचं स्टूल दिलं, पाणीही दिलं. ती तिथे पाच मिनिटं बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. आलं ते नुसतं थकणं. पायांच्या पोटऱ्यांतून वर चढत आलं आणि खांद्यांवर बसलं. दुकानदार मधल्या वेळात पत्रा कापायचं विजेवरचं मशीन दाखवू लागला, बटण दाबलं की काम फत्ते म्हणाला. तिने नको म्हणून मान हलवली. कात्री बांधून घेतली आणि निघाली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर. चांगली जड होती कात्री. नव्हतीच म्हणून मिस्त्रींना सांगितलं तर? असं तिच्या मनात आलं. संपली म्हणाले, ठेवत नाहीत म्हणाले. त्या माणसाला एकदा तरी कळू दे, ठेवत नाहीत म्हणजे काय ते. मग तिला वाटलं, कात्री सरळ सीटखाली सोडून उतरावं. मग तिला त्यांची ती बाहेर आलेली जीभ आठवली, आणि कागदावर ठेवलेली हातोडी. ज्या माणसाने आपल्याला सव्वीस वर्षं खिळ्याला टांगून ठेवलं त्याची दया यावी, याचाच तिला राग आला. आपला राग नीट एका जागी बसतसुद्धा नाही, म्हणून अजून राग आला. तोवर उतरायचा थांबा आला. तिने पिशवी उचलली.

मिस्त्री मागच्या खोलीत होते. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, त्याची दोन बटणं चुकीच्या काजांत. पलंगावरून टेबलापर्यंत ते एकटे आले होते, आणि एवढंच नाही, त्यांनी काळा पत्रा भिंतीपासून ओढून टेबलावर आणला होता. तिने परवा आखून ठेवलेल्या रेघा त्यांनी फडक्याने पुसून उजळल्या होत्या. चौथीतलं पोर परीक्षेच्या दिवशी बसतं तसे ते बसले होते.

"मिळाली?"

"मिळाली."

त्यांनी डावा हात पुढे केला. तिने कागद सोडला आणि कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण फार वेळ पाहिलं नाही.

"धर," ते म्हणाले.

ती समोर जाऊन उभी राहिली आणि तिने पत्रा धरला.

मिस्त्रींनी पातं रेघेवर टेकवलं. मूठ दाबली. जोर होता, तो काही गेला नव्हता. पण डाव्या हाताला रेघ कशी धरायची हे ठाऊकच नव्हतं. पहिलाच काप तिरपा गेला. त्यांनी तो सुधारायला पातं उलट्या बाजूला वळवलं, ते जास्तच वळलं. पत्र्याला दात पडले. त्यांनी कात्री बाहेर काढली, पुन्हा घातली. कपाळावर घाम आला. उजवा खांदा सवयीने मदतीला यायला बघत होता आणि हात मांडीवरच पडून होता. तिसऱ्या खेपेला रेघ अंगठाभर बाजूला राहिली आणि पट्टी सुटून खाली पडली. ती तिने उचलून टेबलावर ठेवली. कड पार कुरतडल्यासारखी होती.

बाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"नीट धरला नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"हलवला नाही मी."

त्यांनी मान खाली घातली. खोटं बोलत होते, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

"दुकानदार म्हणाला, तुम्ही पूर्वी बघितली होती ही," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढवायलाही ताकद लागते. "आपलं लग्न झालं तेव्हा. हातात घेऊन ठेवून दिलीत म्हणाला."

आधी वाटलं, मिस्त्री उत्तर देणारच नाहीत. त्यांच्या आजारपणात ही एक सोय होती, बोलायचं नसलं की बोलता येत नाही असं दाखवता येई.

"हो," ते म्हणाले.

"का?"

"घेतली असती तर तू कापलं असतंस."

"मग?"

"मग माझं काय राहिलं असतं?" शब्द त्यांनी एकेक करून बाहेर काढले. "आखणी तुझी. घडी तुझी. डाग तर... लोक तुझंच नाव घेऊन यायचे. एक कापणी होती."

तिने पत्रा सोडला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या माणसाला आपण कमी वाटतो. ते ऐकायला ती तयार होती. हे ऐकायला तयार नव्हती.

"मला वाटायचं माझाच हात वाईट," ती म्हणाली. "पोरीलाही सांगायची मी, तुझ्या आईला साधी पट्टी कापता येत नाही. ती शाळेत मैत्रिणींना सांगायची. तुम्ही इथे बसून ऐकायचात."

मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून तर झटक्यापासून ते येतच असायचं, त्याचा काही अर्थ नसे.

तिने कोपऱ्यातलं स्टूल दाराशी ओढलं आणि त्यावर चढली. गुडघे कुरकुरले. खिळ्यावरची पट्टी गंजून भोकापाशी चिकटली होती, ती तिने हिसडून काढली. उतरली. पदराने धूळ पुसली आणि मिस्त्रींच्या पट्टीशेजारी टेबलावर ठेवली. सव्वीस वर्षांत तिने ती खालून मान वर करूनच पाहिली होती. हातात आज आली.

टोच्याची रेघ अजून दिसत होती. तिने मारलेली, सरळ. कड दातेरी होती खरी, जागोजागी चेमटलेली, पण ती रेघ सोडून कुठेही गेली नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जी कात्री हातात चालतच नव्हती, जिच्यात रेघ दिसतच नव्हती, ती घेऊन एकवीस वर्षांच्या एका पोरीने आंधळ्यासारखं चाचपत सबंध पट्टी रेघेवर कापली होती. शेजारची मिस्त्रींची पट्टी रेघेपासून अंगठाभर लांब. ज्याला पत्र्यातलं काही कळत नाही त्यालाही दिसावं, इतकं ते स्पष्ट होतं. आणि मिस्त्रींना तर पत्र्यातलं सगळं कळत होतं.

"त्याच दिवशी दिसलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"त्याच दिवशी," मिस्त्री म्हणाले.

"म्हणून इतकी उंच लावलीत."

यावर त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

तिथून निघून जावं असं तिला वाटत होतं, आणि जायचं कुठे हे सुचत नव्हतं. आत जाऊन चहा टाकला असता तर त्यांच्यासाठीही टाकावा लागला असता. मुलीला फोन केला असता तर ती गॅलरी म्हणाली असती. टेबलावर काळा पत्रा पसरलेला होता. चाळीस ट्रे, एकशेसाठ कोपरे, आणि महिना संपायला अकरा दिवस.

तिने मिस्त्रींचा वाया गेलेला तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला. तिचा टाकला नाही. तो तिने टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला. त्यांच्या शर्टाची दोन बटणं सोडून बरोबर काजांत लावली, कारण ती तिला केव्हाची खुपत होती. मग तिने पत्रा वळवून घेतला, टेबलाला वळसा घालून मिस्त्रींच्या बाजूला आली आणि उभी राहिली. मिस्त्रींना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी टेबलाला धरून स्वतःला उठवलं, काठी घेतली आणि एकेक पाऊल टाकत पलीकडे गेले, सव्वीस वर्षं ती उभी राहायची तिथे. तिथलं बाकडं त्यांनी पायाने ओढून घेतलं आणि बसले.

तिने कात्री डाव्या हातात घेतली. रेघ स्वच्छ दिसत होती.

मिस्त्रींनी डावा हात पत्र्यावर ठेवला. हात थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर सगळा पत्रा थरथरत होता.

"धरा नीट," ती म्हणाली. "हलवू नका."

त्यांनी अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकला आणि पत्रा स्थिर झाला. तिने पहिला कोपरा कापला.